टेकडीवरचं पाणी

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि. (विनंती नेहमीचीच, विशेष मात्र खाली आहे.)

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून मनातल्या मनात दोन शिव्या घालून झाल्या असतील, तेव्हा तिसरी राखून ठेव आणि पुढे वाच.

परवा इथे राजधानीत मोठा सोहळा झाला. आपल्या देशाचं दरडोई उत्पन्न शेजारच्या दोन्ही देशांच्या पुढे गेलं म्हणे. सगळ्या उंच इमारतींवर रोषणाई, चौकाचौकात बँड. पंतप्रधान म्हणाले की आजपासून आपण श्रीमंत देशांच्या पंगतीत बसलो. आम्ही मात्र पहाटेपासून बंदोबस्ताला उभे होतो. फौजदाराच्या हुद्द्याला खुर्ची मिळते हा माझा समज त्या दिवशी पार धुऊन निघाला. पाय इतके सुजले की बूट काढायला तुझ्या भावजयीला दाराची चौकट धरून ओढावं लागलं.

लेकीला मध्ये ताप आला होता. नव्या खाजगी हॉस्पिटलात नेलं, पोलिसांना तिथे सवलत आहे. ताई, तू ते एकदा बघायला हवंस. आत शिरल्याबरोबर कारंजं. बसायच्या जागी काचेच्या मोठ्या टाकीत रंगीत मासे. डॉक्टर आले तर त्यांच्या अंगाला असा सुगंध की कार्टी रडायचीच थांबली. भावजय तुझी म्हणते, मलाही जरा काहीतरी होऊ दे, चार दिवस इथे पडून राहीन.

मी तिथल्या मुख्य सिस्टरशी तुझ्याबद्दल बोललो. एवढ्या अनुभवाची बाई हवीच आहे म्हणाल्या. आईला घेऊन ये. त्या पडक्या सरकारी दवाखान्यात आणखी किती वर्षं बादल्या उचलणार आहेस? नीट विचार कर आणि नेहमीसारखं हसण्यावारी नेऊ नकोस.

आई अजून रेडिओशी भांडते का? तिला नमस्कार.

लोभ आहे तेवढाच ठेव. वाढवलास तर ठेवायला जागा नाही, घर सरकारी आहे.

तुझा,
भुंगा


३ मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. कारंज्याचं ऐकल्यावर तिने विचारलं, त्या दवाखान्यात आजारी माणसंही असतात का? मी म्हटलं, असतील, पण दिसू देत नसतील. लेकीचा ताप उतरला हे ऐकून दोघींना बरं वाटलं. आणि हो, रेडिओशी भांडण चालूच आहे. उत्पन्नाचं भाषण लागलं तेव्हा तिने आवाज मोठा केला आणि माझ्या वाट्याचं कुठे ठेवलंय ते आधी सांगा, असं त्यालाच दरडावलं.

आता इथलं लिहिते. घाबरू नकोस, मी धडधाकट आहे.

दोन आठवड्यांपूर्वी मंगळवारी दुपारी गोदीतला एक वेल्डर चार वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून आला. सकाळपासून जुलाब आणि उलट्या. डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आमचा नवा डॉक्टर, तू पोलिसात लागलास तेव्हा जेवढा होतास तेवढाच आहे, सुई घेऊन शीर शोधायला बसला. हात बघितले, पाय बघितले, शेवटी डोक्यावरची शीर. सगळ्या मिटलेल्या. त्याच्या कपाळावरचा घाम मी पुसत होते. सुई हातात असतानाच पोर गेली.

वेल्डरने सलाईनचा लोखंडी स्टँड उचलला. पहिला फटका डॉक्टरच्या जबड्यावर बसला, मी हाड मोडल्याचा आवाज ऐकला. दुसरा डोळ्यावर. औषधांचा ट्रे रक्ताने भरला. मी वेल्डरच्या पाठीवर लटकले, वॉर्डातल्या मावशींनी त्याचे पाय धरले, आणि आम्ही तिघं त्या मेलेल्या पोरीच्या खाटेवर कोसळलो. खाट मोडली. त्याने माझ्या हाताचा चावा घेतला, अगदी मांस निघेपर्यंत. वॉर्डातल्या आया ओरडल्या नाहीत रे. त्यांनी आपापली पोरं उचलली आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, जणू पुढचा फटका त्यांच्यावरच येणार होता.

मग एकाएकी त्याच्या अंगातला जोर गेला. पोलिसांनी नेलं, बेदम मारलं. तक्रार लिहून घ्यायला ते डॉक्टरकडे आले, तर जबडा बांधलेल्या त्या पोराने मानेनेच नाही म्हटलं. त्याचा डावा डोळा गेला. वेल्डरला सोडून दिलं. आता तो रोज वॉर्डात येतो.  मोडलेल्या खाटा आणि वाकलेले स्टँड गोदीतून आणलेल्या यंत्राने जोडून देतो आणि जातो. डॉक्टर आला की दोघंही खाली बघतात.

हे सगळं पाण्यापायी चाललंय. टेकडीवरच्या मोठ्या टाकीतून दोन वाटा निघतात हे तुला आठवत असेल. नवं बंदर झाल्यापासून जुन्या गावाकडची वाट बंद केली आहे. सगळं शुद्ध पाणी बंदराला आणि तिकडच्या उंच इमारतींना जातं. जुन्या गावाला खाडीकाठच्या विहिरी दिल्यात, आणि त्यांच्या काठावरून गटार वाहतं. हा कॉलरा आहे. पण आरोग्यमंत्री रेडिओवर म्हणाले की हा गरीब देशांचा रोग, आपल्या उत्पन्नाच्या देशात तो होतच नाही. मग झालाच नाही. आणि न झालेल्या रोगासाठी सलाईन कोण पाठवणार?

म्हणून म्हणते, तुझ्या माशांच्या टाकीजवळची नोकरी राहू दे. इथे बादल्या उचलायला माणसं कमी आहेत.

भावजयीला म्हणावं, आजारी पडायची हौस नको. तुम्हा तिघांवरची माया आहे ती आहेच, ती मागायला पत्राचा शेवट कशाला हवा.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
सा. न.

पत्र वाचून डोकं फिरलं. त्या वेल्डरचे हात मनगटापासून मोडायला हवे होते आणि तू त्याला वॉर्डात येऊ देतेस? तुझ्या हाताला दात लावणाऱ्या माणसाने माझ्यासमोर उभं राहून दाखवावं. जखम पिकली तर नाही ना? स्वतः सिस्टर असून स्वतःकडे बघणार नाहीस, मला ठाऊक आहे.

रोग खराच आहे या तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे असं वाटायला लागलंय, कारण तो इथेही दिसतोय. शहराबाहेरच्या वस्त्यांतून लोक जुलाबाचे रोगी घेऊन त्याच कारंज्याच्या हॉस्पिटलपुढे येऊ लागले. दारातून आत कोणी घेईना, म्हणून रस्त्यावरच झोपवायला लागले. परदेशी पाहुण्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने जाणार होत्या. आम्हाला रस्ता मोकळा करायचा हुकूम आला. लाठी चालवली. एक माणूस बायकोला पाठुंगळीला घेऊन चालत होता. दोन फटके बसले तरी थांबेना. मी त्याच्या गुडघ्यावर मारलं. दोघंही पडले. तो पडला तेव्हा मला बरं वाटलं, दिवसभराचं काम आटोपल्यासारखं. घरी येऊन जेवलो. झोपलोही. दुसऱ्या दिवशी दाढी करताना ते बरं वाटणं आठवलं आणि हात थांबला. का ते कळलं नाही. कोणाला सांगणार, तुलाच लिहितो.

आता मुख्य बातमी. आमची तुकडी तुझ्याच गावाच्या डोक्यावर येतेय. टेकडीवरच्या टाकीला पहारा. बंदराचं पाणी एक तासही बंद पडता कामा नये, बंदर थांबलं तर देशाचं उत्पन्न थांबेल, असं मोठ्या साहेबांनी बजावलंय. खाली उतरायला परवानगी नाही, नाहीतर आईच्या हातचं जेवायला आलो असतो. आमच्या आजारी जवानांना न्यायला तुमच्या दवाखान्याची गाडी वर येत जाईल. तिच्या ड्रायव्हरकडे पत्र देत जा.

लोकांना सांग, टाकीकडे फिरकू नका. मी तिथे आहे म्हणून सांगतो.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
भुंगा


२० मार्च

चि. भुंग्यास,
अ. उ. आ.

ड्रायव्हर घाईत आहे, तेव्हा अक्षर लावून घे.

सलाईन संपलं. मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजतो, पण उलटी थांबत नाही त्यांचं काय करायचं? पाणी उकळायला गॅस नाही, मावशींनी जुन्या खिडक्यांची लाकडं जाळली. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. परवा औषधांचं कोठार लोकांनी फोडलं. आत काही नाही हे दिसल्यावर ते आणखी चवताळले. मी दार अडवून उभी होते, वीट भुवईवर लागली. टाके घातलेत. आई म्हणते, आधीच कुठे रूपाची खाण होतीस.

याहून वाईट म्हणजे आरोग्य अधिकाऱ्याचं. तो जीपमधून आला आणि दवाखान्याच्या पायऱ्यांवरून म्हणाला की विहिरींचं पाणी तपासलंय, उत्तम आहे. लोकांनी त्याला खाली ओढलं. त्याच्या शर्टाच्या चिंध्या झाल्या, नाक फुटलं. विहिरीच्या पाण्याचा डबा आणला, एकाने केस धरले, एकाने जबडा उघडला आणि ओकेपर्यंत ते पाणी त्याच्या घशात ओतलं. मी गर्दीत शिरायला गेले तर मलाच ढकलून दिलं. तिसऱ्या दिवशी त्याची बायको त्याला माझ्याच वॉर्डात घेऊन आली. शिरा चांगल्या होत्या, सुई पहिल्या झटक्यात गेली असती. पण बाटलीच नव्हती. संध्याकाळी तो गेला. शेवटपर्यंत माझा हात धरून पाणी मागत होता.

शुक्रवारी सकाळी लोक टेकडीवर येणार आहेत. बायकाही येणार. गावाकडच्या वाटेचं चाक साखळीने बांधून ठेवलंय म्हणतात. वेल्डर ती साखळी कापणार आहे. मी त्याला सांगितलं की वर माझा भाऊ आहे. त्याने विचारलं, कसा आहे? मी म्हटलं, हट्टी आहे, पण गुदगुल्या केल्या की सगळं कबूल करतो. मुलगी गेल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू बघितलं.

भुंग्या, त्यांना फक्त ते चाक हवंय. बंदराचा पाइप कोणी फोडणार नाही, वेल्डरने तसं सगळ्यांकडून कबूल करून घेतलंय. काय हुकूम आलाय मला माहीत नाही. तुला करता येईल तेवढं कर.

वाट बघते. तुझ्याकडून हे मागायचा अधिकार आहे असं धरून चालते.

ताई


शनिवार, सकाळी

भुंग्या,

काल दुपारपासून माणसं येतायत. हातगाडीवरून, दारं काढून त्यांच्यावर घालून, पाठीवरून. वॉर्डातल्या जुलाबाच्या रोग्यांना जमिनीवर ठेवून खाटा रिकाम्या केल्या. सगळ्या गोळ्या पाठीत, कमरेत, पायांच्या मागच्या बाजूला. एका बाईचा खांदा मागून पुढे फुटून आलाय. मी कापडाचे बोळे करून हाताने दाबून बसले होते, ते भिजले की फेकायचे आणि दुसरे घ्यायचे. अजून नखांतलं निघालं नाही.

वेल्डरला आणलं तेव्हा जिवंत होता. फुप्फुसातून गेली होती, श्वास घेतला की जखमेतून फेस येई. आमच्या एका डोळ्याच्या डॉक्टरने त्याला टेबलावर घेतलं. त्या पोराला आता खोली नीट कळत नाही, हत्यार कुठवर गेलं ते मी त्याला सांगत होते. त्याने खूप केलं. वेल्डर त्याच्या हाताखालीच गेला. डॉक्टरने हात धुतले, पुढचा रोगी आत घ्या म्हणाला, आणि मग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

तू वर होतास का? बाकी काही लिहू नकोस, तेवढंच कळव.

आईने आज सकाळी मला सगळं विचारलं. काहीही गाळू नकोस म्हणाली, मी गाळलं नाही. मग चपला घातल्या, स्वयंपाकघरातला पाण्याचा मोठा डबा घेतला आणि बाहेर पडली. वेल्डरच्या घराकडे वळताना दिसली.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू? तरी लिहितो.

हे पत्र राजधानीच्या कोठडीतून लिहितोय. डाव्या हाताने लिहिलंय, उजव्याची दोन बोटं मोडली आहेत.

मी वर होतो. तिथे सगळ्यांत वरच्या हुद्द्याचा मीच होतो. तेव्हा कोणी हुकूम दिला हे विचारायचीही गरज नाही.

लोक दहाच्या सुमाराला चढून आले. पुढे बायका होत्या. मी थांबायला सांगितलं, थांबल्याही. मागून दगड आले. माझ्या एका जवानाचं डोकं फुटलं, रक्त माझ्या कॉलरवर उडालं. मी हवेत गोळ्या झाडायला लावल्या. लोक पळायला लागले. ताई, ते पळायला लागले होते. उतारावरून पाठ करून पळत होते. तेवढ्यावर काम झालं होतं. मी तरीही सांगितलं, आता नेम धरून. पुन्हा कधी वर येऊ नयेत म्हणून. जवानाचं रक्त बघून राग आला होता हे खरं, पण ते कारण नव्हे. रस्त्यावर तो बायकोला घेऊन चालणारा माणूस पडला तेव्हा जे बरं वाटलं होतं, तेच मला पुन्हा हवं होतं. यापेक्षा चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

वेल्डर पळालाच नाही. तो चाकापाशी बसून साखळी कापत होता, आमच्याकडे त्याची पाठ होती. गोळीबार ऐकूनही वळला नाही. हातातली ज्योत तशीच चालू होती. त्याच्यावर कोणी नेम धरला ते मी बघितलं. मी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आली. सोबत एक बाई होती आणि त्यांच्या मागे अर्धा गाव, पण कोणाच्या हातात दगड नव्हता, नुसते डबे आणि कळशा. जवानांनी बंदुका रोखल्या. आई त्यांच्यामधून अशी आली की जणू बाजारातली गर्दी बाजूला सारतेय. माझ्यापुढे उभी राहिली आणि हातातला डबा माझ्या तोंडावर मारला. ओठ फाटला, पुढचा दात पडला. जवान बघत राहिले. मग तिने त्या बाईचा हात धरून तिला पुढे केलं आणि एवढंच म्हणाली,

"हिला पाणी दे."

ती वेल्डरची बायको होती हे आईने सांगितलं नाही. मला कळलं.

साखळी त्याने अर्धी कापून ठेवली होती. मी बंदुकीच्या दस्त्याने उरलेली तोडली. चाक गंजलेलं होतं, एकट्याला फिरेना. तीन-चार बायका आल्या, आम्ही सगळ्यांनी मिळून फिरवलं. आधी पाइप नुसता घरघरला आणि मग पाण्याने धडक दिली, टेकडी हादरल्यासारखी वाटली. कोणी आनंदाने ओरडलं नाही. वेल्डरच्या बायकोने चाकावरचे हात काढून पदराला पुसले, माझे हात लागलेल्या जागी तिचे लागले होते म्हणून असेल.

दुपारी मोठे साहेब आले. मला गाडीत घातलं आणि माझ्याच माणसांना माझ्यावर सोडलं. ज्याला मी नेम धरायला शिकवला त्यानेच बोटं मोडली, बुटाच्या टाचेने. बरगड्यांचं काय झालंय ते इथला डॉक्टर सांगत नाही. दोन दिवस लघवीतून रक्त गेलं. आता कमी आहे.

माझ्यावर आरोप ठेवलाय तो पाण्याचा. बंदराचं पाणी तोडून देशाच्या उत्पन्नाला धक्का लावला, असा. शुक्रवारच्या माणसांबद्दल एक शब्दही नाही. साहेब म्हणाले की तो भाग मी चोख केला होता, मग शनिवारी डोकं कसं फिरलं?

लोक म्हणत असतील की शेवटी त्याला पाझर फुटला. तसं कोणाला म्हणू देऊ नकोस. आई पुढे नसती तर मी शनिवारीही तेच सांगितलं असतं. मी स्वतःला पुष्कळदा विचारून बघितलंय.

बायको लेकीला घेऊन माहेरी गेली आहे. जाण्याआधी भेटायला आली होती, गजांपलीकडून माझा ओठ बघत राहिली.

पत्राच्या शेवटी काय मागायचं असतं ते आठवतंय. मागत नाही.

भुंगा


१९ मे

चि. भुंग्यास,

आशीर्वाद लिहायला इतके दिवस लागले. चारदा कागद घेतला आणि चारदा चुलीत घातला.

आधी वॉर्डाचं सांगते, ते सोपं आहे. पाणी सुरू झाल्यावर आठवडाभरात नवे रोगी निम्म्यावर आले, मग तुरळक. काल व्हरांडा धुतला. लहान मुलांच्या वॉर्डात सध्या एक हात मोडलेला आहे आणि एकाने नाकात मणी घातला होता. मणी काढला तर त्याने माझ्या अंगावर शिंकून आभार मानले. डॉक्टर त्यावर हसला. औषधं अजून आलेली नाहीत, पैसाही आला नाही, सरकार म्हणतं रोग नव्हताच. पण पोरं मरायची थांबली. देश तेवढाच श्रीमंत आहे जेवढा फेब्रुवारीत होता, फक्त एक चाक फिरलं. ते पुन्हा कोणी बंद करू नये म्हणून बायका पाळीपाळीने वर जाऊन बसतात. आई आणि वेल्डरची बायको एकाच पाळीत असतात. दोघी वर काय बोलतात ते आई सांगत नाही.

आता अवघड भाग. गावात तुझं फार कौतुक चाललंय. केस कापणाऱ्याने तुझा वर्तमानपत्रातला फोटो आरशावर चिकटवलाय. बायका मला रस्त्यात थांबवून तुझी खुशाली विचारतात. शुक्रवारचा हुकूम साहेबांनी बिनतारी यंत्रावरून दिला आणि तुला तो सहन झाला नाही, अशी गोष्ट तयार झाली आहे. कोणी मुद्दाम रचली असं नाही. लोकांना जिवंतपणी एक तरी चांगला पोलीस हवा होता. वेल्डरची बायको रोज त्या दुकानावरून जाते.

तुझं वकीलपत्र घेतलेला माणूस भला आहे, एक पैसा घेत नाही. तो परवा येऊन गेला. कोर्टात मी साक्ष द्यावी असं त्याचं म्हणणं. पाणी आलं आणि मुलं वाचली, एवढंच मी सांगायचं, म्हणजे तू सुटशील. मी त्याला म्हटलं की मी त्या शुक्रवारच्या जखमाही बघितल्या आहेत. त्याने हात जोडले. त्याबद्दल तुम्हाला कोणी विचारणार नाही, तुम्हीही बोलू नका. सरकारलाही तो विषय नकोय. बोललात तर खुनाचा खटला उभा राहील आणि भाऊ जन्मभर आत जाईल.

मी खूप विचार केला. तू माझ्या मांडीवर वाढलास. तुझ्या पहिल्या तापात मीच रात्रभर पट्ट्या ठेवल्या होत्या. तुला घरी आणायची किल्ली माझ्या तोंडात आहे आणि मी नुसतं गप्प राहायचंय. पण ज्या माणसाच्या छातीतला फेस मी तळहाताने दाबून धरला होता, तो मेलाच नाही असं मी कसं वागू? मंत्री रोग झालाच नाही म्हणाले तेव्हा मला त्यांचा गळा धरावासा वाटला होता. मग मी तेच करू?

गोळ्या पाठीत होत्या, हे मी सांगणार आहे. पाणी तू सोडलंस हेही सांगेन. तुला कोर्टात अचानक ऐकायला लागू नये म्हणून आधी कळवते.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. नंतर जेवली नाही.

माझ्यावर रागावलास तरी पत्र टाक. तुझ्या रागाचंही पत्र चालेल.

तुझी,
ताई


२८ मे

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. रागावलो. दोन दिवस चांगलाच रागावलो, तुला नावं ठेवली, भिंतीवर डोकं आपटलं, पहारेकऱ्याने आत येऊन दोन लावल्या. लेक मोठी होताना मी तिथे नसेन एवढाच विचार येत होता. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब आले. हुकूम मीच दिला, पळणाऱ्यांवर दिला, साहेबांनी बिनतारीवर तसं काही सांगितलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं आणि कोर्टात मीच आधी उभा राहून बोलणार हेही सांगितलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तेव्हा तुझ्या साक्षीने मी आत गेलो असं तुला कधी वाटून घ्यायचं नाही. तू फक्त जे बघितलंस ते सांग. गोळ्या कुठे लागल्या होत्या ते नीट सांग, एकेक माणूस घेऊन सांग. वेल्डरची पाठ आमच्याकडे होती आणि त्याच्या हातात ज्योत होती, हे मी सांगेन. सांगताना माझ्याकडे बघू नकोस, तुझा आवाज फुटेल.

एक काम करशील? केस कापणाऱ्याला तो फोटो काढायला सांग.

आणि आईला कोर्टात आणशील तेव्हा माझ्या बाजूच्या बाकावर बसवू नकोस. त्या बाईच्या शेजारी बसव. ती एकटी असेल.

लोभ शिल्लक असेल तर असू दे, ताई. नसेल तर खोटा लिहू नकोस.

तुझाच,
भुंगा